वादक बसलेत कुठे?

नाटकांना आणि मैफलींना साउंड देणं हा माझा धंदा. त्यामुळे कुठेही गेलो तरी रंगमंचाआधी नजर स्पीकर शोधते. २०२३च्या उन्हाळ्यात प्रशिक्षणासाठी जर्मनीत होतो, तेव्हा आमचे प्रशिक्षक आम्हाला सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या ब्रेगेन्झला घेऊन गेले. म्हणाले, आजचा वर्ग तिथेच.

तिथे कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी १९४६पासून ऑपेराचा, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकांचा, महोत्सव भरतो. महायुद्ध नुकतंच संपलेलं, गावात थिएटर नाही. मग दोन पडाव, म्हणजे मालवाहू सपाट होड्या, पाण्यात उभे केले, एकावर नट, दुसऱ्यावर वादक, आणि मोझार्टचा खेळ लावला. आता काठावर सुमारे सात हजार खुर्च्या आहेत. एकच ऑपेरा दोन उन्हाळे चालतो, आणि नेपथ्याचा पसारा पाहिला की ते पटतं. आम्ही पुच्चिनीचा 'मादाम बटरफ्लाय' पाहिला. पाण्यातून वर आलेला भलामोठा चुरगळलेला कागद, त्यावर शाईचे डोंगर. उंची २३ मीटर, वजन सुमारे ३०० टन.

व्हायोलिनं सुरू झाली आणि मी वादक शोधायला लागलो. ते समोर नव्हतेच! व्हिएन्ना सिम्फनी या वाद्यवृंदाचे वादक शेजारच्या बंदिस्त नाट्यगृहात बसून वाजवतात. कंडक्टरला, म्हणजे हाताच्या खुणांनी वादन चालवणाऱ्याला, गायक पडद्यावर दिसतात आणि गायकांना कंडक्टर. आपल्याकडे गायक आणि तबलजी डोळ्यांनी बोलतात. इथे मध्ये अख्खी भिंत, तरी कुठे सूर सुटला नाही.

पण मला खिळवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. नायिका उतारावरून गात खाली येताना आवाजही तिच्याबरोबर सरकत होता. मी डोळे मिटून बोट रोखलं, उघडून पाहिलं, तर ती बरोबर तिथेच. अंगावर वायरलेस माइक, आवाज स्पीकरमधून, तरी वाटत होतं की तिच्याच गळ्यातून येतोय. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. प्रेक्षकाजवळचा स्पीकर लगेच वाजला, तर कान म्हणणार की गाणं याच्यातूनच येतंय. म्हणून त्याला काही मिलिसेकंद थोपवायचं आणि गायिकेच्या दिशेचा आवाज आधी पोहोचू द्यायचा. कान पहिल्या आवाजाची दिशा धरतो. असा डिले आम्हीही लावतो, पण आमचा गायक एका जागी बसलेला असतो. चालत्या माणसामागे हा हिशेब पळवायचा, तोही दर गायकाचा वेगळा, म्हणजे कमाल आहे.

तासाभरानं पाऊस भुरभुरायला लागला. लोकांनी निमूट रेनकोट चढवले. मागच्याला दिसावं म्हणून छत्री कुणी उघडली नाही. जोर वाढला तर खेळ आत हलवतात, पण आत सगळे मावत नाहीत. वादक कोरडे, गायिका भिजतेय, आणि माझा जीव तिच्या माइकमध्ये अडकलेला. ओला माइक काय रंग दाखवतो ते मी सोसलंय. इथे एकदाही खरखर नाही.

परतीच्या वाटेवर आमचं भांडण एकच: आमच्या रांगेजवळचा स्पीकर किती मिलिसेकंद थोपवला असेल? माझं म्हणणं, तीस मीटरला साधारण नव्वद मिलिसेकंद. प्रशिक्षकांनी विचारलं, "तीस मीटर मोजले कुणी?"