एबीएसचा दिवा आणि ०.३ ओहम

माझी गाडी २००६ सालची आहे. मी तिचा दुसरा मालक. माझ्याकडे येण्याआधीचे बहुतेक पावसाळे तिने रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत, डोक्यावर छप्पर नसताना काढले होते. तिला एबीएस (अँटिलॉक ब्रेकची यंत्रणा) आहे, ही तेव्हा मिरवण्यासारखी गोष्ट होती. आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून, आणि त्याआधी ते सहसा महागड्या मॉडेललाच मिळत असे. आता त्याच एबीएसचा पिवळा दिवा डॅशबोर्डवर लागू लागला. कोल्हापूरहून येताना आंबा घाट उतरून साखरप्याकडे निघालो असताना तो पहिल्यांदा दिसला. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की दिवा जायचा आणि हातखंब्याच्या तिठ्यापर्यंत पुन्हा हजर व्हायचा.

नुसता पिवळा दिवा लागला असेल तर साधे ब्रेक शाबूत असतात. फक्त जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देण्याची सोय बंद पडलेली असते. पिवळ्याबरोबर लाल दिवाही लागला तर मात्र प्रकरण वेगळे असते. अशा वेळी ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते किंवा पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडीची यंत्रणाही बंद पडलेली असू शकते, आणि मग ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी घसरण्याचा धोका असतो. माझ्याकडे एकटा पिवळा होता, म्हणून गाडी घरापर्यंत आणली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड आला तो डाव्या पुढच्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा. फिटरने चाक काढून सेन्सरला मल्टिमीटर लावले आणि मला सांगितले, "साहेब, सेन्सर चांगला आहे. म्हणजे युनिटच गेलंय." नव्या युनिटची, म्हणजे एबीएस चालवणाऱ्या कंट्रोल युनिटची, जी किंमत त्याने सांगितली तेवढ्यात माझी अर्धी गाडी आली असती. माझा चेहरा पाहून त्याने दुसरा उपायही सुचवला: दिव्याचा बल्ब काढून टाकू, म्हणजे कटकट नाही. हा उपाय आपल्याकडे इतका रुळला आहे की जुनी गाडी घेताना मी आता चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा मुळात लागतो की नाही, हेच आधी पाहतो. तो दोन-तीन सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर विक्रेत्याला प्रश्न विचारायला हवेत.

फिटरच्या निदानात एक गोष्ट सुटली होती. सेन्सर चांगला आणि तरी कोड येतो, म्हणजे युनिट वाईट, असे म्हणताना या दोहोंच्या मधली दीड-दोन मीटर वायर आणि तीन कपलर (वायरी जोडणारे प्लग) त्याने हिशेबातच धरले नव्हते. कोडमध्ये सेन्सरचे नाव येते खरे, पण युनिटला सेन्सर दिसत नसतो. त्याला फक्त आपल्या दोन पिनांवर काय येते तेवढेच कळते. तिथे काही आले नाही की तो त्या चाकाचे नाव घेऊन मोकळा होतो. हे नाव म्हणजे गावाचा पत्ता आहे, घराचा नव्हे.

माझ्याकडे ब्लूटूथचा एक स्वस्त स्कॅनर आहे, पण तो इंजिनाचे कोड वाचतो आणि एबीएसच्या युनिटशी बोलतच नाही. बहुतेक स्वस्त स्कॅनरांची हीच मर्यादा असते. त्यामुळे पुढचे काम मीटर, टेस्ट लॅम्प आणि एक वही यांवर करायचे ठरवले. वही यासाठी की दिवा लागला की तारीख, वेग, पाऊस आणि गाडी तेव्हा काय करत होती, हे लगेच टिपून ठेवायचे. आठवड्याभराच्या सहा नोंदींपैकी पाच नोंदी उजवीकडच्या कडक वळणानंतरच्या निघाल्या. पावसाचा संबंध असेल असे मी धरून चाललो होतो, तो पार चुकीचा ठरला.

माझ्या गाडीचे सेन्सर जुन्या पद्धतीचे, म्हणजे चुंबकाभोवती तारेची गुंडाळी असलेले आहेत. समोरून दातेरी रिंग फिरली की गुंडाळीत एसी व्होल्टेज निर्माण होते आणि चाकाचा वेग वाढेल तसे ते वाढत जाते. अशा सेन्सरचा रोध (रेझिस्टन्स) साधारणपणे एक ते दोन किलोओहमच्या आसपास असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रॉनिक सेन्सर आले. त्यांना युनिटकडून व्होल्टेज पुरवावे लागते आणि ते ७ आणि १४ मिलीअँपिअर अशा प्रवाहाच्या दोन पायऱ्यांनी युनिटला वेग कळवतात. त्यांच्या पिनांवर ओहमचा मीटर लावून काहीच कळत नाही, उलट सेन्सर बिघडण्याची शक्यता असते. म्हणून आपली गाडी कुठल्या जातीची आहे ते आधी ठरवावे.

डावा सेन्सर १.२१ किलोओहम आला आणि उजवा १.२३. सेन्सरच्या पिन आणि बॉडी यांच्यामध्ये मीटरने काहीही दाखवले नाही, म्हणजे आत कुठे वायर बॉडीला टेकलेली नव्हती. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने सेकंदाला साधारण एक फेरा या गतीने फिरवले, तेव्हा दोन्ही बाजूंना ०.३ व्होल्टच्या आसपास आले. फिटरचे म्हणणे इथवर बरोबरच होते. मग बॅटरीची निगेटिव्ह काढून युनिटचा मोठा कपलर सोडवला आणि डायग्राममध्ये पाहून त्याच सेन्सरच्या दोन पिनांवर वायरिंगच्या बाजूने मीटर लावला. तिथेही १.२१ किलोओहम आला. क्षणभर युनिटच गेले असावे असे वाटून पोटात गोळा आला.

तेवढ्यात वहीतल्या नोंदी आठवल्या. मी सारी मापे गाडी जॅकवर असताना, चाक हवेत लोंबत असताना आणि स्टिअरिंग सरळ असताना घेत होतो, आणि दिवा लागत होता तो गाडीचे वजन चाकावर असताना आणि स्टिअरिंग शेवटपर्यंत वळल्यावर. गाडी खाली घेतली, मीटर त्याच पिनांवर ठेवला आणि मुलाला स्टिअरिंगवर बसवले. डावीकडे शेवटपर्यंत नेले तरी आकडा ढळला नाही. उजवीकडे नेताना शेवटच्या पाव फेऱ्यात १.२१ चा ४ झाला, मग ११, आणि मग मीटरवर 'ओएल' आले, म्हणजे वायर तुटलेलीच. मुलगा म्हणाला, "बाबा, सोडू का?" मी त्याला तसेच धरून ठेवायला सांगितले आणि चाकाच्या आत हात घातला.

सेन्सरपासून वर जाणारी जोडवायर शॉकअ‍ॅब्सॉर्बरवरच्या क्लिपमधून जाते. त्या क्लिपच्या जरा वर, रबरी बूच संपते तिथे, ती बोटांना मऊ लागली. वरचे आवरण अखंड होते आणि नजरेला तिथे काहीच दिसत नव्हते. पण वायर ताणली की तो भाग बारीक व्हायचा, जणू आत काही नाहीच. नंतर आवरण उभे चिरले तेव्हा तांबे तुटून काळे पडलेले दिसले. दोन्ही टोके सरळ वायरीत एकमेकांना टेकत आणि ताण पडला की सुटत. इतक्या वर्षांत प्रत्येक वळणाला आणि प्रत्येक खड्ड्याला ती तिथेच वाकत आली होती.

ती जोडायची कशी, यावर माझे ठाम मत आहे. वाकणाऱ्या जागी सोल्डर करू नये. सोल्डर तांब्याच्या तारांमध्ये झिरपून वायर कडक करते आणि मग ती सोल्डरच्या कडेलाच पुन्हा तुटते. मी क्लिपच्या खालचा आणि वरचा मिळून सगळा वाकता तुकडा काढला आणि बारीक तारांची लवचीक वायर घातली. जोड दोन्हीकडे सरळ, न हलणाऱ्या भागात घेतले आणि त्यांवर आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवली. दोन्ही वायरी एकमेकींवर पूर्वीइतक्याच पिळून घेतल्या. तो पीळ शोभेचा नसतो. बाजूच्या इग्निशनची किंवा मोटारीची विजेची खळबळ दोन्ही वायरींत सारखीच शिरावी आणि युनिटला तिचा फरक जाणवू नये, यासाठी तो असतो.

इथे शेजाऱ्यांच्या गाडीचा किस्सा सांगतो, कारण लोक या दोन दोषांची गल्लत करतात. त्यांच्या गाडीत दिवा लागत नव्हता, पण सिग्नलला थांबताना, अगदी शेवटच्या दहा किलोमीटरच्या वेगात, ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरायचे. तिथे वायरिंगचा दोष नव्हता. अ‍ॅक्सलवरच्या दातेरी रिंगेखाली गंज फुगून रिंग उचलली गेली होती आणि तिला केसाएवढी चीर पडली होती. दर फेऱ्यात एकदा संकेत बिघडायचा आणि युनिटला वाटायचे की चाक जाम होत आहे. अशा वेळी कोड पडेलच असे नसते. चाक वर घेऊन रिंग सावकाश फिरवत टॉर्चच्या उजेडात पाहणे, एवढेच करायचे.

माझा दिवा पाच आठवडे गप्प राहिला. सप्टेंबरच्या सुरुवातीला तो पुन्हा लागला. या वेळी वळणांशी त्याचा संबंध नव्हता. गाडी सुरू करून गेटबाहेर पडले आणि वेग पंधरा-वीसवर गेला की लागायचा. दिवा केव्हा लागतो, यातच बरेच निदान दडलेले असते. बहुतेक एबीएस युनिटे गाडी निघाल्यावर त्याच सुमारास आपला पंप क्षणभर फिरवून तपासतात. कान देऊन ऐकले तर बॉनेटखाली एक छोटीशी घर्र ऐकू येते. माझी घर्र आता पूर्वीसारखी येत नव्हती, आळस दिल्यासारखी येत होती. कोडही पंपाला व्होल्टेज कमी पडत असल्याचा होता. पंपाचा मोठा फ्यूज शाबूत होता, बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती आणि इंजिन चालू असताना १४.१.

उरले अर्थिंग, म्हणजे युनिटकडून बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी विजेची वाट. युनिटच्या कपलरमधली अर्थची पिन आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये ओहमचा मीटर लावला तर ०.६ आला. मीटरचे दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.३ येतोच, म्हणजे खरा रोध ०.३ ओहम. एवढ्याशा आकड्याला काय महत्त्व द्यायचे, म्हणून मी तो सोडून दिला आणि त्यापायी दोन दिवस घालवले.

तिसऱ्या दिवशी हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब घेतला. त्याचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे त्या अर्थच्या पिनेला लावले. बल्ब लागला, पण किंचित पिवळट. तो जळत असताना पीन आणि निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्टचा मीटर लावला तर १.३ व्होल्ट! चांगल्या अर्थवर इथे ०.१ व्होल्टदेखील येऊ नये. बल्ब जेमतेम चार-साडेचार अँपिअर ओढतो. पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर ३० ओढते असे धरले, तर त्याच ०.३ ओहमवर ९ व्होल्ट खर्च होतात आणि मोटरच्या वाट्याला जवळपास काहीच उरत नाही. आळसट घर्र त्याचीच होती.

ती अर्थ वायर बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला बोल्टने बसवलेली आहे. ट्रे काढला तेव्हा लगवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर, बॅटरीच्या आम्लाने आणलेली पांढरी-हिरवी भुकटी होती आणि वायरीच्या तोंडाशी तांबे आवरणाखाली तीन बोटांपर्यंत हिरवे झाले होते. हिरवे तांबे कापून टाकले, नवा लग दाबून बसवला, बॉडीची जागा काचकागदाने चकचकीत घासली आणि घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन लावले. बल्ब लावून पुन्हा मोजले तर ०.०४ व्होल्ट.

संध्याकाळी मिऱ्याच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी काढली. वेग पंधरावर गेला तशी घर्र एकदाच आणि स्वच्छ आली, आणि दिवा लागला नाही. घरी येऊन चारही सेन्सरांचे आकडे वहीत लिहून ठेवले. पुढचे दोन आणि मागचा डावा सव्वा किलोओहमच्या आसपास आहेत. मागचा उजवा १.४८ दाखवतो. सेन्सरच्या अंगावर मोजले तर तो १.२४ आहे, म्हणजे वाढीव रोध मधल्या कपलरमध्ये आहे, आणि तो कपलर मागच्या सीटखाली गालिच्याच्या ओलीत पडलेला असतो. या रविवारी सीट काढतो.