किक, बेस आणि काकूंची भांडी

इलेक्ट्रॉनिक म्युझिकला मिक्सिंग इंजिनिअर लागतोच कशाला? हा प्रश्न मला नातेवाईक विचारत नाहीत, त्यांचा वेगळाच असतो ("म्हणजे तू डीजे आहेस का गं?"), हा प्रश्न विचारतात स्वतः ट्रॅक बनवणारी मुलं. आणि प्रश्न काही चुकीचा नाही. बँड असला की ड्रमचे आठ-दहा माइक, गिटार, गळा, सगळं कच्चं येतं, ते कोणीतरी बसून जुळवावंच लागतं. इथे तसं नसतं. पोरगं लॅपटॉपवर किक (तो खालचा "धम्" ठोका) निवडतं तिथेच अर्धं मिक्सिंग होऊन जातं, सिंथचा (इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) फिल्टर किती उघडायचा हे ठरवताना आणखी पाव. मग उरलेल्या पाव हिश्श्याचे मी म्हापशात एका भाड्याच्या खोलीत बसून पैसे घेते ते नक्की कशाचे?

बऱ्यापैकी पैसे खालच्या शंभर हर्ट्झचे, म्हणजे अगदी जाड सुरांचे, असं म्हटलं तरी चालेल.

सायट्रान्स घ्या, गोव्याच्या पार्ट्यांतलं ते वेगवान नाचाचं संगीत, कारण हणजूण-वागातोरच्या पट्ट्यातून माझ्याकडे तेच जास्त येतं. टेम्पो १४५. म्हणजे एक बीट साधारण ४१४ मिलिसेकंदांची, तिचे चार भाग केले की एकेक घर १०३ चं. पहिल्या घरात किक, उरलेल्या तीन घरांत बेस, रात्रभर हेच. आता किकची शेपटी १०३ च्या पुढे गेली की ती पहिल्या बेस नोटवर जाऊन पडते, दोघांचाही मुक्काम ४५ ते ५५ हर्ट्झमध्ये, आणि एकाची लाट वर जात असताना दुसऱ्याची खाली येत असेल तर दोघं एकमेकांना खातात. लॅपटॉपवर हे अजिबात कळत नाही, कारण लॅपटॉपच्या स्पीकरला ५० हर्ट्झ ऐकवताच येत नाही. कळतं कधी, तर किनाऱ्यावर अठरा इंची सब (खालच्या सुरांचा स्पीकर) लावल्यावर, तिथे प्रत्येक बीटला पहिली बेस नोट गायब आणि अख्खा ट्रॅक लंगडायला लागतो, आणि पब्लिकला कारण कळत नाही पण पाय बरोबर थांबतात. मी काय करते, तर वेव्हफॉर्म मोठा करून डोळ्यांनी बघते, किकची शेपटी कापते, बेसची नोट कुठल्या पॉइंटपासून सुरू होते ते सरकवते, १२० च्या खालचं सगळं मोनो, म्हणजे डावीउजवीकडे एकसारखं, करते. ग्लॅमर शून्य. शिंपीकाम आहे ते.

बरं, हे ती मुलं स्वतः का करू शकत नाहीत? हुशार आहेत की. अडतं ते खोलीपाशी. बहुतेकांची खोली दहा बाय अकरा. अकरा फूट म्हणजे जवळजवळ ३.३५ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर ५१ हर्ट्झची लाट होते पावणेसात मीटरच्या आसपास, तिचा बरोबर अर्धा भाग या खोलीत मावतो आणि तो सूर तिथे उभाच राहतो. खोलीच्या मधोमध बसलात तर तो जवळपास ऐकूच येणार नाही, भिंतीला टेकलात तर कानठळ्या. म्हणून मधे खुर्ची टाकून बसलेला प्रोड्युसर बेस वाढवत सुटतो आणि मागे पलंगावर भिंतीला टेकून बसलेला त्याचा मित्र म्हणतो भावा बेस जास्त झाला, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात! त्यावर उपाय म्हणून जो अंड्याच्या ट्रेसारखा फोम चिकटवतात त्याने फक्त वरचे सूर दबतात, खालच्याला त्याचं काही पडलेलं नसतं. त्याला कोपऱ्यांत जाडजूड रॉकवूल (दगडापासूनची लोकर) लागतं. माझ्याकडे आहे, पण पावसाळ्यात त्याच्या कापडावर बुरशी धरते, मग डिह्युमिडिफायर लावा, मग त्याची घरघर, मग ऐकताना तो बंद करा. जून ते सप्टेंबर मी इंजिनिअर कमी आणि वाळवण राखणारी जास्त असते.

खोलीचा विषय निघालाच आहे तर शेजारच्या काकूंबद्दल सांगते. मूळच्या कुडाळकडच्या, घरात मालवणी. आमच्या दोघींत एक भिंत. भिंतीतून वरचे सूर जात नाहीत, खालचे आरामात जातात, त्यामुळे काकूंनी माझ्या हातचे एवढे ट्रॅक ऐकलेत पण एकाचीही मेलडी त्यांना माहीत नाही, फक्त किक आणि बेस. एकदा सकाळी दार वाजवून म्हणाल्या, "काल काय केलंस गो? मांडणीवरची भांडी वाजूक लागली." मला आधी वाटलं आवाज वाढला असेल. आवाज तेवढाच होता. आदल्या दिवशी क्लायंटने ट्रॅकची पट्टी एफ शार्पवरून जी (G) वर नेली होती, एवढाच फरक. मग दुपारी त्यांना विचारूनच मी एक साधा साइन टोन (एकच शुद्ध सूर) हळूहळू वर चढवत नेला आणि काकू स्वयंपाकघरात मांडणीपाशी उभ्या. ४६ ला शांत. ४७ ला शांत. ४९ ला ताटं थरथरली आणि पलीकडून "हां, ह्याच!" असा आवाज आला. ४९ हर्ट्झ म्हणजे बरोबर खालचा जी. तेव्हापासून आमचा करार आहे, जी मधले ट्रॅक दुपारी दोन ते पाच, त्या बाजारात किंवा भजनाला असतात तेव्हा, बाकीच्या पट्ट्या कधीही. क्लायंटला मी हे कारण सांगत नाही, "शेड्युल" म्हणते.

आता कच्चा माल. पेडण्याकडच्या एका मुलाने टेक्नो ट्रॅकमध्ये घुमट घातलं होतं, चतुर्थीच्या आरतीला घरीच फोनवर रेकॉर्ड केलेलं, मागे शामेळ (छोटा ढोल), कांसाळें (झांजा), आणि एका लहान पोराचं रडणं. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं, दुसरं छोटं तोंड उघडं, डाव्या हाताने ते झाकत-उघडत खालचा आवाज वळवतात. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, वन्यजीव कायद्यानंतर ते बंद, आता बकरीचं. २०१९ मध्ये राज्य सरकारने त्याला वारसा वाद्य वगैरे म्हटलं, ठीक आहे, पण किकशेजारी ठेवलं की वारसा बिरसा विसरा, दोघंही तिथेच ठाण मांडतात. ह्या रेकॉर्डिंगमधला तो वळणारा आवाज नव्वद हर्ट्झच्या आसपास होता आणि क्लायंटने सरळ त्याच्याही वर लो कट (ठरावीक सुराखालचं सगळं कापणारा फिल्टर) मारून ठेवला होता, यूट्यूबवर सगळे तसंच शिकवतात. कट मारला की किक साफ, मान्य. पण घुमटाचं जे वळण, ते "घूंऽम" असं खाली वाकतं ना, तेच गेलं, उरली नुसती चामड्यावरची टपटप. ते ऐकून माझ्या आजोबांनी कपाळाला हात लावला असता. मी कट काढला, किकच बारीक केली, तिला पन्नासपाशी ठेवून वरचं मांस थोडं उतरवलं, घुमटाचे मोठे ठोके किकच्या मधल्या जागेत सरकवले आणि ट्रॅकच्या मधे सोळा बार किक पूर्ण काढून टाकली. शेवटचं हे मिक्सिंगमध्ये बसत नाही, अरेंजमेंट झाली ती, विचारूनच केली. रडणारं पोर क्लायंटने ठेवायला सांगितलं. भाचा होता त्याचा.

म्हणजे मी पैसे कशाचे घेते, याचं उत्तर येतं: खोली, आणि ज्याने तो ट्रॅक महिनाभर ऐकलेला नाही असा कान. प्लगइन सगळ्यांकडे तेच असतात.

अजून एक गोष्ट लोक विचारत नाहीत ती म्हणजे ट्रॅक वाजणार कुठे. जुन्या गोवा ट्रान्सची गाणी मिनिट-दोन मिनिटं बिनबीटची सुरू होतात ती काय फक्त अध्यात्म म्हणून नव्हे. इथल्या उन्हात विनाइल वाकायचं, म्हणून डीजे कॅसेट आणि नंतर डॅट (डिजिटल ऑडिओ) टेप वापरायचे, सोनीने ती १९८७ मध्ये आणली, आणि डॅटचा वेग कमीजास्त करून दोन ट्रॅकच्या बीट जुळवता येत नव्हत्या. मग एक विरत जाणार आणि दुसरा हळूच उगवणार, दुसरा मार्गच नाही. २०२३ मध्ये गेलेला गोवा ट्रान्सचा डीजे गोवा गिल तर कितीतरी वर्षं डॅटवरच वाजवायचा. आजची गंमत वेगळी. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम, म्हणून पाळोळ्याला लोक हेडफोन लावून नाचतात. हेडफोनमध्ये छातीवर आदळणारा सब नाही, तेवढीच मोठी बेस पोकळ वाटते, तिथे मी बेसला थोडं सॅच्युरेशन (वरचे उपसूर उमटवणारी किंचित खरखर) देऊन शंभर-दोनशेमध्ये तिची ओळख पटवते. हाच मिक्स क्लबात गढूळ वाटेल. एकच मिक्स सगळीकडे चालतो म्हणणाऱ्यांनी दोन्हीकडे जाऊन उभं राहून बघावं.

आवाज मोठा करण्याचं वेड हा वेगळ्याच पोस्टचा विषय. स्पॉटिफाय सगळ्यांना मायनस १४ लफ्सच्या (आवाजाच्या मोठेपणाच्या मापाच्या) आसपास आणून ठेवतं, तरी क्लायंटला त्याहून मोठं मायनस ७ च हवं, कारण डीजेच्या पेनड्राइव्हमध्ये आधीचा ट्रॅक तेवढाच मोठा असतो. पटतं मला ते. पण ते मास्टरिंगवाल्याचं, मिक्सनंतर शेवटचा हात फिरवणाऱ्याचं काम, माझ्याकडे येतानाच मास्टरवर लिमिटर (आवाज दाबून मोठा करणारं प्लगइन) ठोकून पाठवलं की मी कुठून जागा काढू?

पैशाचं थोडक्यात: तासावर नाही, ट्रॅकवर रेट, अर्धे आधी, तीन रिव्हिजन त्यात, चौथीला पैसे. परदेशी क्लायंटला एलयूटी (निर्यातीचं हमीपत्र) भरून जीएसटी न लावता बिल. एका बाहेरच्या लेबलने गेल्या सीझनचे अजून दिले नाहीत, दर महिन्याला "हाय ब्रो, नेक्स्ट वीक" येतं. ब्रो नाहीये मी, पण आता सांगत बसत नाही.

पाठवणार असाल तर: २४ बिट वेव्ह, सगळ्या फाइल एकाच शून्यापासून सुरू, रिव्हर्ब वेगळा, लिमिटर काढलेला. आणि लिमिटरसकट तुमचा स्वतःचा मिक्सही पाठवा, कारण तुम्ही त्याच्याच प्रेमात पडलेले असता आणि मला कळायला हवं कशाच्या. टेम्पो आणि पट्टी फाइलच्या नावात. ऑगस्ट जवळजवळ भरलाय, सीझनसाठी सगळे तेव्हाच जागे होतात. चतुर्थीला मी पेडण्याला घरी, तिथे नेट जेमतेम, मेसेज टाकून ठेवा, उत्तर विसर्जनानंतर. जी मधला असेल तर दोन दिवस जास्त धरा.