लुसियाच्या पहाटे काकडा

आई आली तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. स्टॉकहोमला यायला याहून वाईट महिना नाही, हे मी तिला फोनवर दहादा सांगितलं होतं. "मला नातीला गाताना बघायचंय," एवढंच तिचं उत्तर. बाबांना थंडी सोसत नाही, ते साताऱ्यालाच राहिले. पहिला आठवडा आई नुसती खिडकीशी बसून होती. इथे डिसेंबरात सूर्य उगवायला साडेआठ वाजून जातात आणि दुपारी तीनच्या आत तो मावळतो. "अगं, मग दिवेलागण कधीची धरायची?" तिनं विचारलं. चार वर्षं इथे राहून मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. मी फक्त अंधाराला कंटाळत आले होते.

समोरच्या इमारतीत मात्र खिडकीखिडकीत दिवे होते. नाताळच्या आधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी लोक खिडकीत सात दिव्यांची उतरती चौकट ठेवतात, वर कागदाची चांदणी टांगतात आणि पडदे उघडेच ठेवतात. आई रोज त्या चांदण्या मोजायची. आपला आकाशकंदील यांनी घरात घेतलाय, असं तिचं मत पडलं.

१३ डिसेंबरला लुसिया. संत लुसिया मूळची सिसिलीची, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला तिचा छळ होऊन अंत झाला. पण तिचा दिवस स्वीडननं असा काही आपलासा केलाय की त्याशिवाय इथला हिवाळा पुरा होत नाही. जुन्या कॅलेंडरात हीच वर्षातली सगळ्यात मोठी रात्र मानत. पांढऱ्या झग्यातल्या लुसियाची इथली पहिली नोंद १७६४ सालची आहे.

आदल्या दिवशी आम्ही लुसेकात्तेर केले, म्हणजे केशराचे पाव. केशर इथे अर्ध्या ग्रॅमच्या चिमुकल्या पाकिटात मिळतं. मी दोन पाकिटं फोडली तशी आईनं माझा हात धरला. आमच्याकडे पातेलंभर श्रीखंडाला चार काड्या पडायच्या! मग तिनंच खलबत्त्यात साखरेबरोबर केशर खलायला घेतलं. इथल्या बायकाही अगदी असंच खलतात, हे सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला. पिठाच्या वळ्या करून इंग्रजी एससारखं वळवायचं आणि दोन्ही वेटोळ्यांत एकेक बेदाणा खोचायचा. चकल्या पाडणाऱ्या हातांना ते काही शिकवावं लागलं नाही.

सकाळी साडेसातला बालवाडीच्या अंगणात जमायचं होतं. काळाकुट्ट अंधार, पायाखाली बर्फ कुरकुरत होता. आईनं साडीखाली गरम कपडे घातले होते, पायात माझे बूट. बाकांवर जागा नव्हती. इथली माणसं सभ्य खरी, पण आपणहून बोलत नाहीत. आमच्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी चार वर्षांत 'हेय'च्या पुढे गाडी गेलेली नाही. मला हे फार लागतं. पण तिथे कुणाची तरी आजी बसली होती. तिनं आईकडे पाहिलं, सरकून जागा केली, आणि स्वतःच्या खालची फोमची घडी काढून गार लाकडावर आईसाठी अंथरली. एक शब्द बोलली नाही. आई म्हणाली, "बसा हो, तुम्हीही नीट बसा," चक्क मराठीत. त्या आजींनी मान डोलावली.

मग अंगणातले दिवे मालवले. कोपऱ्यावरून आधी आवाज आला, मग उजेड. पांढरे झगे, कमरेला लाल फीत, डोक्यावर बॅटरीच्या मेणबत्त्यांचे मुकुट. एका वर्गात चार लुसिया, कारण जिला व्हायचं ती होते. मागे शंकूच्या टोप्या घातलेले चांदण्यांचे मुलगे. आमची लेक तिसरी होती, मुकुट एका कानावर घसरलेला, नजर पुढच्या मुलीच्या पाठीवर. पोरं पाऊल मोजून, अतिशय सावकाश चालत होती.

आईनं माझा दंड घट्ट पकडला. "काकडा," ती म्हणाली. "अगं, हा काकडाच आहे."

आणि मला एकदम गावचं विठ्ठलाचं देऊळ दिसलं. कार्तिकातली पहाट, आजीच्या पदराखाली मी, गार फरशी, हातात पेटता काकडा घेतलेली माणसं. हे माझं मी चार वर्षांत ओळखायला हवं होतं. मला रडू आवरेना.

फोटो काढू नयेत, असं शाळेनं आधीच कळवलं होतं. इतरांच्या मुलांचे चेहरे येतात म्हणून. नियम बरोबर आहे, पण साताऱ्याला बाबा वाट बघत होते, आणि मला तो त्या क्षणी फार जाचला. नंतर गरम ग्लग मिळालं, मसाल्याचं, बिनदारूचं, तळाशी बेदाणे आणि बदाम. आईनं ते चमच्यानं वेचून खाल्ले.

पुढचा नाताळ, जुन्या शहरातला बाजार, २४ तारखेला दुपारी तीनला सगळ्या देशासोबत टीव्हीवर डोनाल्ड डक, सगळं झालं. १३ जानेवारीला झाड बाहेर गेलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिळगूळ केला.

पण त्या लुसियाच्या दिवशी घरी आल्या आल्या आईनं बूटही न काढता फोन लावला. तिकडे दुपार झाली होती, बाबा जेवत होते.

"अहो, आपल्याकडे कार्तिकात संपतो ना काकडा, तो इथे मार्गशीर्षात करतात. लहान लहान पोरं करतात."

"टाळ होते का?" बाबांनी विचारलं.

"टाळ नव्हते," आई म्हणाली. "पण एकाचंही पाऊल चुकलं नाही."