एमू खात नव्हता

आमच्या प्राणिसंग्रहालयातल्या पक्षी विभागाच्या रोजच्या रजिस्टरात सगळ्यात जास्त वेळा आलेले दोन शब्द म्हणजे ‘सर्व ठीक’. अकरा वर्षं मी ते वाचून खाली सही करतेय. (बागेचं नाव लिहीत नाही. नागपूरकरांनी अंदाज बांधत बसू नये.)

मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो. दुपारी कॉकाटील (तुरेवाले छोटे पोपट) चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून बसतात आणि गळा नुसता थरथरत असतो. पक्ष्याला घाम येत नाही, तो अंगातली उष्णता अशीच बाहेर टाकतो. तेव्हा हे एक वेळ ठीक म्हणू. पण त्याच ओळीत एखादा पिसं फुलवून, डोळे मिटून बसला असेल, तर एवढ्या उन्हात ह्याला थंडी कशाची वाजतेय, हा प्रश्न कुणाला तरी पडला पाहिजे. पक्षी आजार अंगावर काढतो, लपवतो. तो डोळ्यांत भरेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. वाळ्याच्या जाळ्या, कुलर, पाण्याचे फवारे ह्यांच्या फायली मी हलवू शकते. तो प्रश्न पडायला मात्र पिंजऱ्यापाशी माणूसच लागतो.

ह्या बाबतीत मी स्वतः जे करून बसले, ते आज लिहितेय.

आमच्याकडची एमूंची जोडी एका बंद पडलेल्या फार्मवरून आलेली. 2012 च्या आसपास एमूपालनाचा फुगा फुटला. खाद्य परवडेना तेव्हा लोकांना हे पक्षी कुठे सोडावेत कळेना, त्यातलेच हे दोन. त्यांच्या देखभालीला आमचे काका, म्हणजे विभागातले जुने कर्मचारी, होते. वय पन्नाशीच्या पुढे, रोजंदारीवर सुरुवात केलेली, लिहिण्याचा कंटाळा. रजिस्टरात त्यांचं कायम ‘सर्व ठीक’. मला त्याचाच राग यायचा. शिवाय वरून सूचना होती की एकच माणूस वर्षानुवर्षं एकाच पिंजऱ्यावर नको. ती रास्तच आहे, एक माणूस रजेवर गेला की विभाग आंधळा होतो. म्हणून एका डिसेंबरात मी ड्युट्या फिरवल्या. काका हरणांकडे, आणि एमूकडे नवा पोरगा. बारावी शिकलेला, अक्षर सुंदर.

चौथ्या दिवशी त्या सुंदर अक्षरात नोंद आली : ‘नर एमू खात नाही. पाणी पीत नाही. एका जागी बसून आहे.’ मी खूश. शेवटी कुणीतरी काहीतरी लिहिलं! पाचव्या दिवशी तेच, सहाव्या दिवशी तेच. सातव्या दिवशी मी डॉक्टरांना बोलावलं, चार माणसं आत घातली, डोक्यावर पोतं टाकून पक्षी धरला. एमूची लाथ ज्याने खाल्ली तो विसरत नाही, त्यामुळे हे काम हळुवार कधीच होत नाही. तो उठला तेव्हा खालच्या पाल्यात पाच अंडी दिसली. गडद हिरवी, जवळजवळ काळपट, आंब्याएवढी.

एमूत मादी अंडी घालून मोकळी होते आणि नर बसतो. जवळजवळ आठ आठवडे. त्या काळात तो जवळपास काही खात नाही, अंगावरच्या चरबीवर दिवस काढतो, फक्त अंडी फिरवायला उठतो. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. पण रजिस्टरात अंड्यांचा शब्द नव्हता आणि मी पिंजऱ्यापर्यंत गेले नव्हते. पोराने तरी काय करावं? एमूच्या खाली काय आहे ते बघायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

नर पुन्हा बसला नाही. दोन दिवस कुंपणालगत येरझारा घालत राहिला. अंडी गार पडली.

काकांना कळलं तेव्हा ते हरणांच्या गव्हाणीत चारा टाकत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तो बिमार नव्हता जी. बसून राह्यला होता. बाई अंडे देऊन गेली, बाबा बसला. मले इचारलं असतं त सांगतलं असतं.”

विचारलं असतं तर! ड्युटी बदलताना मी चावी, झाडू, बादल्या सगळं मोजून दिलं-घेतलं. सही घेतली. काकांच्या डोक्यात जे होतं त्याची यादी कुणी केलीच नाही.

आता ड्युटी बदलायची तर जुना आणि नवा माणूस पंधरा दिवस एकत्र काम करतात, आणि विणीच्या हंगामात अजिबात बदल नाही. वरच्यांना पटवायला दोन पत्रं लागली. बजरीगारची (हे आणखी छोटे पोपट) शिरगणती अजून जमलेली नाही, ती वेगळी रडकथा. मार्चअखेरीस केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाला आकडा द्यायचा असतो : आधी किती, जन्मले किती, मेले किती, उरले किती. मी मोजते तर एक आकडा, काका मोजतात तर दुसरा, आणि घरटी म्हणून ठेवलेल्या मडक्यांत किती पिल्लं आहेत ते देवाला ठाऊक. शेवटी मडकीच काढून ठेवली. मडकं नाही तर अंडी नाहीत.

2025 च्या जानेवारीत नागपुरातच वाघ आणि बिबट्या बर्ड फ्लूने गेल्याची बातमी आली, त्यानंतर तर सगळेच जागे झाले. दारापाशी पाय बुडवायला औषधाच्या पाण्याचे टब आले, बाहेरचे कावळे आत येऊ नयेत म्हणून जाळीची भोकं बुजवली. पण मेलेला कावळा पहिल्यांदा दिसला तो त्याच पोराला, आणि हात न लावता त्याने फोन केला. (तपासणीत काही निघालं नाही.)

रजिस्टरात आता एक जास्तीचा रकाना आहे, ‘आज काय वेगळं दिसलं’. काका त्यात लिहीत नाहीत. संध्याकाळी मला फोन करतात आणि मी लिहून घेते. कालची नोंद : “तीन नंबरचा मोर पिसं गाळून नाही राह्यला अजून. बाकीच्याईचे पडले. याचं काहून नाही, ते पाहा लागते.”

आज दुपारी जाऊन पाहिलं. मलाही कळलेलं नाही.