तारणाचा प्रश्न, तीन चर्च आणि आमचं लग्न

कर्णबधिर ख्रिस्ती माणूस चर्चची शिकवण नंतर बघतो. आधी बघतो, तिथे कोणी खुणांत बोलतं का. मी वसईचा कॅथलिक. तान्हा असताना स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा झाला, पुढे तो पक्का करणारा दृढीकरणाचा संस्कारही. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, लोक उभे राहिले की उभं राहायचं, गुडघे टेकले की टेकायचे, एवढंच मला येत होतं. येशूने माझ्यासाठी काय केलं, हे कळलं ते मुंबईतल्या कर्णबधिरांच्या एका संगतीत. तिचे पाळक पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारा प्रोटेस्टंट पंथ), पण येणारे कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, हेही प्रोटेस्टंट), मेथडिस्ट, सगळेच. होणारी बायकोही तिथेच भेटली. ती अहिल्यानगरची, सीएनआयची.

लग्न ठरलं आणि पाळकांनी सांगितलं, लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे, दोघांनी पाण्यात बुडून घ्या. घरी बाबा दोन घास न खाता उठले. मित्रांचे व्हिडिओ सुरू झाले. कोणी म्हणे कॅथलिक लोक कर्मांनी तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळवू बघतात, कोणी म्हणे धर्मसभा, म्हणजे कॅथलिक चर्च, सोडलीस तर नरक. यातल्या कुणालाही स्वतःच्याच चर्चची शिकवण कधी नीट कोणी समजावली नव्हती. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

आम्ही ठरवलं, तिन्ही चर्चांत तेच प्रश्न विचारायचे, तारण कशाने मिळतं आणि लहानपणीचा बाप्तिस्मा खरा का, आणि दुभाषी बाहेरचा, पैसे देऊन आणायचा. माझ्या ताईच्या खुणा उत्तम आहेत, पण मी कॅथलिकच राहावं अशी तिची इच्छा होती. जो यातून जाणार आहे त्याने घरचं माणूस दुभाषी घेऊ नये, आणि प्रश्न आधी लिहून पाठवावेत.

फादर म्हणाले, तारण देवाच्या कृपेनेच, ते कमावता येत नाही. सत्कृत्यं त्या कृपेची फळं. १९९९ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला लुथरन (मार्टिन लुथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) आणि कॅथलिकांनी याच विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले, हे मला तेव्हा समजलं. सीएनआयच्या पाळकांनी सांगितलं, १९७० मध्ये सहा मंडळ्या एक झाल्या, त्यांत फक्त मोठेपणीच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही होते, म्हणून बाळपणीचा आणि मोठेपणीचा दोन्ही बाप्तिस्मे चालतात, पण एकदा झालेला पुन्हा होत नाही. पेंटेकॉस्टल पाळकांनी मार्क १६:१६ उघडलं. आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. ‘तेव्हा तू विश्वास ठेवला होतास का?’ मी नाही म्हणालो. हा प्रश्न मला कित्येक रात्री पुरला. विश्वास मला त्यांच्याच हातांतून मिळाला होता, हे मी कसं नाकारू? शेवटी माझ्यापुरतं ठरलं: देवाने तेव्हाच दिलं, मला उमगलं उशिरा. पुन्हा बाप्तिस्मा नको. तिचंही उत्तर तेच आलं, तिने ते स्वतंत्रपणे शोधलं होतं.

मग कागदपत्रं. दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले आणि मिश्र विवाहाची परवानगी. कुणी सांगितलं, मुलीला आधी कॅथलिक व्हावं लागेल. तसं नाही. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायला जमेल तेवढं करीन, हे वचन फक्त कॅथलिक जोडीदाराने द्यायचं असतं. दुसऱ्याला ते नीट समजावून सांगायचं असतं. एका नातेवाइकाने सुचवलं, वेदीसमोर ताईच तुमच्या वतीने होकार देईल. मी साफ नाही म्हणालो. धर्मसभेच्या कायद्यात कलम ११०४ आहे: बोलता येत नसेल तर खुणांनी दिलेली संमती शब्दांइतकीच ग्राह्य. पापनिवेदनही, म्हणजे फादरांसमोर पापं कबूल करणं, दुभाषामार्फत करता येतं, दुभाषावरही गुप्ततेचं बंधन असतं. मी मात्र कागदावर लिहून दिलं. फादरांनी वाचून कागद मलाच परत केला.

लग्न वसईला झालं, तिच्या पाळकांनी प्रार्थना केली. पेंटेकॉस्टल पाळकही आले होते. त्यांचं मत बदललेलं नाही, आमचंही नाही. तरी आम्ही त्यांच्या संगतीला जातोच, कारण आमच्या चर्चमध्ये अजून खुणांत मिस्सा नाही. २०२४ मध्ये केरळात, त्रिशूरला, एका कर्णबधिर तरुणाला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. ती बातमी जोडून मी फादरांकडे अर्ज दिला आहे: महिन्यातून एक तरी मिस्सा आमच्या भाषेत व्हावी.