छोटा उदेपूरच्या वर्गात बडोद्याची लॅब

ओळखीतल्या एक बेन छोटा उदेपूरकडच्या आश्रमशाळेत शिकवतात, बडोद्यापासून शंभरेक किलोमीटरवर. मुलांना शिक्षक, पोलीस आणि नर्स यापलीकडे नोकरी करणारं माणूस बघायलाच मिळत नाही, तर बडोद्यातल्या कुणाला व्हिडिओ कॉलवर बसवा, असा त्यांचा आग्रह. (सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर सक्तीचं शिक्षण आणलं खरं, पण छोटा उदेपूर तेव्हा वेगळं संस्थान. तिकडे तो कायदा नव्हता.)

माणसं पटकन मिळाली. पहिले एक मोठे साहेब होते. जिद्द ठेवा, खूप शिका, मोठे व्हा! मुलांनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या, प्रश्न एकही नाही. तेव्हाच ठरवलं, भाषण बंद, काम दाखवायचं.

दांडिया बाजारातले आमचे मामा डेअरीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहेत. त्यांना म्हटलं, "मामा, तुम्ही बोलू नका, नुसती फॅट काढून दाखवा." यातल्या बऱ्याच मुलांच्या घरचं दूध मंडळीत, म्हणजे गावच्या सहकारी दूध संस्थेत, जातं आणि पैसे फॅटवर मिळतात. त्यांच्यासाठी यापेक्षा जवळचा विषय कुठला?

तयारीत खरा वेळ खाल्ला आवाजाने. चित्र अडखळलं तरी मुलं चालवून घेतात, आवाज तुटला की वर्ग हातचा गेला. स्पीकर लॅपटॉपपासून लांब ठेवला, माइक एकच, प्रश्न विचारणाऱ्याने पुढे यायचं. खिडकीकडे पाठ करून बसवलं तर मुलं नुसती काळी दिसतात, म्हणून बाकं फिरवली. रेकॉर्डिंग नाही, मुलांचे फोटो स्टेटसला नाहीत, हे मुख्याध्यापकांना आधीच लिहून दिलं. फुकटच्या झूमवर 40 मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात. फॅट मोजायची काचेची एक रिकामी नळी, ब्युटिरोमीटर, मात्र आधीच पार्सलने पाठवली होती. पडद्यावर मामांच्या हातात जी, तीच वर्गात हातोहात फिरत होती.

मामांनी गॉगल चढवला. 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर 10.75 मिली दूध, मग 1 मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून नळी फडक्यात गुंडाळून हलवली, कारण ती चांगलीच तापते. दूध तपकिरी झालं आणि वर्गात गलका उठला. नेमकं तेव्हाच चित्र थिजलं. आम्ही व्हिडिओ बंद करून नुसत्या आवाजावर आलो, मशीनमध्ये नळ्या फिरतानाची घरघर मुलांनी ऐकली. चित्र परतलं तेव्हा वर पिवळसर फॅटचा थर स्वच्छ दिसत होता.

एका मुलाने विचारलं, "मंडळीतलं मशीन लगेच आकडा दाखवतं, मग ॲसिड कशाला?" मामा खूश! ते मशीन बरोबर दाखवतंय का, हे याच पद्धतीने तपासतात, त्यांनी सांगितलं. एका मुलीचा प्रश्न, संध्याकाळच्या दुधाला फॅट जास्त का लागते? मामा म्हणाले, रात्री दोन धारांमधलं अंतर मोठं, म्हणून सकाळी दूध जास्त निघतं आणि पातळ पडतं. शिवाय धारेतलं शेवटचं दूध सगळ्यात दाट, ते वासराला सोडलं तर मंडळीत फॅट कमी लागणारच. ही गोष्ट बेनांनी राठवी बोलीत पुन्हा समजावली, तेव्हा मागच्या बाकावरचेही पुढे सरकले.

आता मुलांना रेल्वेचा ड्रायव्हर हवाय, बडोद्याच्या प्रतापनगर स्टेशनहून त्यांच्याकडे येणाऱ्या गाडीवरचा. इंजिनातून कॉल अर्थातच होणार नाही, ड्युटी संपल्यावर बोलणारा कुणी शोधतोय.