दक्षिण तटावरचा सूर्योदय

चैत्रातल्या एका पहाटे साडेचार वाजता आम्ही गुजरातेत नर्मदेकाठच्या रामपुऱ्याच्या घाटावर उतरलो, मैयेचे पाणी डोळ्यांना लावले, एका लहान बाटलीत जल भरून घेतले आणि ‘नर्मदे हर’ म्हणून चालायला लागलो. बडोद्याहून आम्ही नऊ जण निघालो होतो. बहुतेक दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांतले, आणि सर्वांत पुढे माझी ७१ वर्षांची आत्या, जिची ही पाचवी उत्तरवाहिनी परिक्रमा होती. संपूर्ण नर्मदा परिक्रमेला जुन्या प्रथेप्रमाणे ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवस द्यावे लागतात, आणि संसार व नोकरी सांभाळणाऱ्या माणसाला ते सहसा साधत नाही. रामपुरा ते तिलकवाडा या टप्प्यात मात्र नर्मदा आपली पश्चिमेची वाट सोडून उत्तरेकडे वाहते, आणि चैत्र महिन्यात तेवढ्याच टप्प्याला दोन्ही तटांवरून प्रदक्षिणा घातली जाते. अंतर सुमारे २१ किलोमीटर आहे. काशीला गंगा उत्तरवाहिनी आहे म्हणून तिचे जे माहात्म्य, तेच इथल्या नर्मदेचे मानले जाते.

मी शाळेत भूगोल शिकवतो. नकाशावर ही नदी मी इतक्या वेळा काढली आहे की डोळे मिटूनही ती मला काढता येईल: उजवीकडे अमरकंटक, डावीकडे खंबातचे आखात, मध्ये विंध्य आणि सातपुड्याच्या दरम्यान खचलेल्या खोऱ्यातून गेलेली १,३१२ किलोमीटरची जवळजवळ आडवी रेघ. त्या रेघेच्या वरची बाजू म्हणजे उत्तर तट आणि खालची म्हणजे दक्षिण तट, हे मुलांना सांगताना मला कधी विचार करावा लागला नव्हता. मांगरोळ जवळ आले तेव्हा उजाडू लागले आणि माझी पावले थबकली. आम्ही दक्षिण तटावरून चालत होतो. दक्षिण तटावर उभे राहिले की नदी उत्तरेला असली पाहिजे. पण समोरच्या काठावरच्या झाडांमागून, थेट नदीच्या पलीकडून, सूर्य वर येत होता.

उत्तर अवघड नव्हते, पण ते पायांखालून यावे लागले. तटांची नावे पूर्ण नदीला मिळून ठरलेली आहेत. प्रवाहाच्या दिशेने तोंड केले की उजव्या हाताचा तो उत्तर तट आणि डाव्या हाताचा तो दक्षिण तट, मग नदी मध्येच कुठेही वळो. या दहा-अकरा किलोमीटरांत नदी उत्तरेला वळते, तेव्हा दक्षिण तट पश्चिमेला जातो आणि उत्तर तट पूर्वेला येतो, तरी नावे तीच राहतात. मी आत्याला हे उत्साहाने सांगितले. तिने चालण्याचा वेग कमी न करता एवढेच विचारले, “मैया उजव्या हाताला आहे ना?” होती. परिक्रमावासीयाचा नियम तोच आहे: नदी कायम उजव्या हाताला राहिली पाहिजे. त्यात पूर्व-पश्चिम कुठेच येत नाही. मला तेव्हा पंढरपूर आठवले, जिथे भीमेने चंद्रकोरीसारखे वळण घेतले म्हणून लोकांनी तिचे नावच बदलून चंद्रभागा केले. एका ठिकाणी वळणामुळे नाव बदलते, दुसऱ्या ठिकाणी वळण आले तरी नाव सोडत नाही. दोन्हींत नदीकडे बघणाऱ्या माणसाचे लक्ष किती बारीक होते, हे मला महत्त्वाचे वाटते.

गुवारनंतर शहेरावच्या घाटापर्यंतची वाट मी झटपट सांगून टाकतो, कारण ती तशीच झटपट गेली. केळीच्या बागा, कपाशीची मोकळी झालेली शेते, दर थोड्या अंतरावर गावकऱ्यांनी उभारलेले मांडव आणि त्यांत ‘मैयाजी, छास लो’ म्हणत ताकाचा पेला पुढे करणारी शाळकरी मुले. पुणे, नाशिक, जळगाव इथून आलेल्या मंडळींमुळे वाटेवर गुजरातीइतकीच मराठी ऐकू येत होती.

शहेरावच्या घाटावर नावेसाठी मोठी रांग होती. पूर्ण परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते, तट बदलायचा तो मुखाजवळ, जिथे ती समुद्राला मिळते तिथे. उत्तरवाहिनीत मात्र दोन्ही टोकांना नदी ओलांडावी लागते. नावेत बसल्यावर प्रवाहाच्या मध्यावर मी नावाड्याला विचारले की पूर्वी इथे कोणाची हद्द होती. त्याने दोन्ही हात दोन दिशांना केले आणि म्हणाला, “आ बाजू राजपीपळा, पेली बाजू गायकवाड.”

बडोद्याच्या मराठी माणसासाठी हे वाक्य साधे नाही. तिलकवाडा हा बडोदे संस्थानाचा पेटा महाल, म्हणजे तालुक्याहून लहान महसुली विभाग, होता, आणि आम्ही ज्या काठावरून निघालो तो राजपीपळा संस्थानाचा. म्हणजे सयाजीराव महाराजांच्या काळात ही परिक्रमा करणारा माणूस एका दिवसात दोनदा सरहद्द ओलांडत असे. आणि एवढ्याने भागत नसे. तिलकवाड्याच्या आसपास संखेडा मेवास या भागातली कितीतरी चिमुकली संस्थाने होती, काही तर दोन-चार गावांची, आणि ती इंग्रजांच्या रेवाकांठा एजन्सीच्या देखरेखीखाली होती. बडोदे संस्थान स्वतःही सलग नव्हते. बडोदे, नवसारी, कडी आणि अमरेली असे त्याचे प्रांत एकमेकांपासून तुटलेले होते आणि पार द्वारकेजवळचे ओखामंडळही त्यातच होते. माझे आजोबा संस्थानाच्या महसूल खात्यात कारकून होते. अमरेलीला बदली झाल्यावर तिथे पोहोचेपर्यंत किती परक्या हद्दी लागल्या, हे ते बोटांवर मोजून सांगत आणि दरवेळी एखादी विसरत, असे आत्याने नावेतच सांगितले.

१९४८ मध्ये राजपीपळा आणि १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा या पाण्यातली संस्थानी रेघ पुसली गेली. पण रेघ पूर्ण गेली नाही. एक काठ भरूच जिल्ह्यात राहिला आणि दुसरा बडोदे जिल्ह्यात. १ मे १९६० रोजी दोन्ही काठ गुजरातेत आले तरी मधली जिल्ह्याची हद्द नदीतूनच जात राहिली. पुढे १९९७ मध्ये भरूचमधून नांदोद वगैरे तालुके आणि बडोद्यातून तिलकवाडा तालुका घेऊन नर्मदा जिल्हा झाला, आणि तेव्हा कुठे या टप्प्यातली मैया कुणाचीही सरहद्द उरली नाही. नकाशे करणाऱ्यांनी नदीचेच नाव जिल्ह्याला दिले आणि तिला सीमेच्या कामातून मोकळे केले, याचा मला मनापासून आनंद वाटतो. आत्याला मात्र तिलकवाडा बडोद्यातून गेला याची चुटपुट अजून आहे, आणि तीही मला समजते.

तिलकवाड्यात, जिथे मेण नदी नर्मदेला मिळते, तिथे आम्ही दुपारचे ऊन उतरेपर्यंत थांबलो. मांडवात पुण्याचे एक जोडपे शेजारी बसले होते. काकांनी विचारले की महाराष्ट्राला नर्मदा लागते का, कारण शाळेत त्यांनी गोदावरी, कृष्णा आणि तापीच पाठ केली होती. लागते. नंदुरबार जिल्ह्याचे अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके नर्मदेच्या दक्षिण तटावर आहेत. सुमारे ३५ किलोमीटर ती मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांची सीमा होते, पुढे सुमारे ३९ किलोमीटर महाराष्ट्र आणि गुजरात यांची. महाराष्ट्राला तिचा एकच काठ मिळाला आहे. दुसरा काठ नेहमी दुसऱ्या राज्याचा. तीन राज्ये जिथे एकत्र येतात तो बिंदूही पाण्यातच आहे आणि आता तर सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली आहे. याच पाण्यामुळे जुना काठ सोडावा लागल्याने, वाहनाने परिक्रमा करणारे नंदुरबारमधून जाताना प्रकाशाला मुक्काम करतात. ते गाव तापीच्या काठावर आहे. नर्मदेची परिक्रमा करताना तापीचे दर्शन घडते, हे ऐकून काकूंनी वहीत लिहून घेतले.

मग शूलपाणेश्वराची गोष्ट निघाली. त्याचे जुने देऊळ मणिबेलीला होते, धरणाच्या वरच्या अंगाला, महाराष्ट्राच्या हद्दीत. ते बुडाले. नवे देऊळ धरणाच्या खालच्या अंगाला गोऱ्याला बांधले, आणि गोरा गुजरातेत आहे. त्यामुळे देवाचे राज्य बदलले. मणिबेलीच्या माणसांचे घर, शेत आणि देव ही तिन्ही एकाच पाण्यात गेली, आणि त्यांपैकी काहींचे पुनर्वसन गुजरातेत झाले. हे ऐकल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मीही पुढे काही बोललो नाही.

पाण्याच्या वाटणीचा विषय मीच काढला, कारण वर्गात मुले त्यावर हमखास अडतात. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये २८ दशलक्ष एकर-फूट पाणी वाटले: मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातेला ९, राजस्थानाला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५. राजस्थानातून नर्मदा वाहतच नाही, तरी त्याचा वाटा महाराष्ट्राच्या दुप्पट आहे. ते पाणी ४५८ किलोमीटरच्या मुख्य कालव्यातून गुजरात ओलांडून जालोर आणि बाडमेरपर्यंत जाते, आणि वाटेत त्याच कालव्यातून काही पाणी साबरमतीत सोडले जाते, म्हणून अहमदाबादेत पुलावरून आपण जी भरलेली नदी पाहतो तिच्यात नर्मदा असते. मला यात अन्याय दिसत नाही. थरच्या वाळवंटातल्या गावाची तहान खोऱ्याच्या रेघेवर मोजू नये, असेच मला वाटते. पण काठावर राहून गाव गमावलेल्यांच्या वाट्याला सर्वांत लहान आकडा यावा, हे मुलांना शिकवताना माझा आवाज दरवेळी खाली येतो.

चारच्या सुमारास आम्ही पुन्हा निघालो. आता आम्ही उत्तर तटावर, म्हणजे प्रत्यक्षात पूर्वेच्या काठावर, दक्षिणेकडे तोंड करून चालत होतो. सूर्य पश्चिमेला कलला होता आणि पुन्हा नदीच्या पलीकडे, पुन्हा आमच्या उजव्या हाताला होता. सकाळीही तो तिथेच होता. वासणपर्यंत माझ्या उजव्या गालाला ऊन लागत राहिले. याच तटावर थोडे वर, धरणाच्या बाजूला गरुडेश्वर आहे, जिथे कोकणातल्या माणगावच्या टेंबे स्वामींनी, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींनी, १९१४ मध्ये समाधी घेतली. आत्या तिकडे वळून हात जोडून मगच पुढे झाली.

रेंगणच्या घाटावर दुसरी नाव मिळाली तेव्हा पाणी सकाळपेक्षा हातभर वर आले होते. इथली पातळी वरच्या धरणातून किती पाणी सोडतात त्यावर ठरते, आणि नावाडी घाटाच्या ओल्या पायऱ्या मोजूनच दोर सोडतात. रामपुऱ्याला उतरलो. आत्याने पिशवीतून बाटली काढली, पहाटे भरलेले जल मैयेत परत सोडले आणि काही क्षण वाकून उभी राहिली. दिवसभर नदीच्या पलीकडे असलेला सूर्य आता आमच्या पाठीमागे, शेतांवर होता, आणि आम्हा नऊ जणांच्या लांब सावल्या पायऱ्यांवरून उतरून पाण्यात पडल्या होत्या.